ताजी बीअर, जुने कायदे

कंपनीच्या नावातून 'प्रायव्हेट' हा एक शब्द वगळला गेला आणि तिचा माल अनेक राज्यांतील दुकानांतून काही महिने नाहीसा झाला, असे सांगितले तर ऐकणाऱ्यास ती अतिशयोक्ती वाटेल. 'बिरा ९१' या नावाने बीअर विकणाऱ्या बी-९ बेव्हरेजेस या कंपनीचा अनुभव मात्र असाच आहे. भांडवली बाजारात उतरण्याच्या तयारीचा एक भाग म्हणून या कंपनीने स्वतःचे रूपांतर पब्लिक लिमिटेड कंपनीत केले. नाव बदलल्याने प्रत्येक राज्यात लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली, त्यात चार ते सहा महिने गेले आणि तेवढ्या काळात विक्री जवळजवळ ठप्प झाली, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या ८२४ कोटी रुपयांवरून ६३८ कोटी रुपयांवर घसरले आणि तोटा ७४८ कोटी रुपयांवर गेला. जुने नाव छापलेला सुमारे ८० कोटी रुपयांचा माल टाकून द्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये थकलेले पगार आणि कारभारातील त्रुटी यांकडे लक्ष वेधून अडीचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी संस्थापकांना दूर करण्याची मागणी संचालक मंडळाकडे केली.

या पडझडीचा सारा दोष कायद्यावर टाकता येणार नाही. नाव बदलण्याचा फटका बसण्यापूर्वीच्या २०२२-२३ या वर्षातही कंपनीला ४४५ कोटी रुपयांचा तोटा झाला होता. तथापि, नावातील एका शब्दाने देशभरातील विक्री महिनोन्‌महिने अडू शकते, ही गोष्ट बीअरच्या व्यवसायाबद्दल बरेच काही सांगून जाते. कागदोपत्री भारत ही एक बाजारपेठ आहे. बीअरपुरते पाहिले तर जितकी राज्ये तितक्या बाजारपेठा आहेत. मोठ्या कंपन्या हा भार कसाबसा पेलतात. लहान प्रमाणावर, ताजी आणि वेगळ्या चवीची बीअर करणाऱ्या म्हणजेच 'क्राफ्ट बीअर'च्या व्यवसायात मात्र कारखान्यातील टाकीपेक्षा सरकारी कचेरीतील फाईलच धंद्याचे भवितव्य ठरवते, असे गेल्या दीड दशकाचा अनुभव सांगतो.

घटनेने दिलेला अधिकार

या परिस्थितीचे मूळ राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या आठव्या नोंदीनुसार मादक मद्याचे उत्पादन, ते बाळगणे, त्याची वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सर्व विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. ५१ व्या नोंदीने मानवी सेवनासाठीच्या मद्यावर उत्पादन शुल्क आकारण्याचा अधिकारही राज्यांनाच दिला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला, तेव्हा मद्य त्यातून बाहेर ठेवण्यात आले. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अधिकारकक्षेत येते असा निर्वाळा दिला. त्यामुळे या विषयावरील राज्यांची पकड अधिकच घट्ट झाली आहे.

याच घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. एका हाताने मद्यापासून महसूल गोळा करायचा आणि दुसऱ्या हाताने मद्यपान कमी करण्याची जबाबदारी उचलायची, असा हा दुहेरी कारभार आहे. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे, तर बिहारने एप्रिल २०१६ मध्ये ती लागू केली. गोव्यात १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस मद्य विकत घेता येते, दिल्लीत त्यासाठी २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. महाराष्ट्रात मद्याचे परवाने ज्या कायद्यान्वये दिले जातात, त्या १९४९ च्या कायद्याच्या नावातच 'दारूबंदी' हा शब्द आहे. परवाना देणारा कायदा आणि बंदी घालणारा कायदा एकच असावा, यातच शासनाच्या मनातील द्विधा दिसून येते.

या द्विधेचा व्यवहारातील परिणाम असा की, एका राज्यात तयार झालेली बीअर शेजारच्या राज्यात न्यायची असेल तर लेबलाची वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क, वेगळा वाहतूक परवाना आणि अनेक ठिकाणी शासनमान्य किंमत इतक्या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. वर्षाला कोट्यवधी बाटल्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च बाटलीमागे नगण्य असतो. महिन्याला काही हजार लिटर बीअर करणाऱ्या कारखानदाराला तोच खर्च परराज्यात जाण्याचा विचारही करू देत नाही.

ताजेपणाचे गणित

क्राफ्ट बीअरची अडचण नीट समजण्यासाठी ती कशी तयार होते, हे पाहणे आवश्यक आहे. सातू भिजवून, त्याला मोड आणून वाळवले की माल्ट तयार होते. भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले जाते. त्या वेळी धान्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. हा गोडसर अर्क गाळून तास-दीड तास उकळतात आणि त्यात हॉप्स या वेलीची फुले टाकतात. बीअरचा कडवटपणा आणि सुगंध या फुलांमुळे येतो. अर्क थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळले जाते आणि किण्वन सुरू होते. एल प्रकारातील बीअरचे किण्वन १८ ते २२ अंशांच्या आसपास होते व ती दोन-तीन आठवड्यांत पिण्याजोगी होते. लागर प्रकारातील बीअर कमी तापमानात सावकाश तयार होते आणि तिला महिना-दीड महिना लागतो.

मोठ्या कारखान्यातील बाटलीबंद बीअर गाळून व पाश्चरीकरण करून बाजारात येते. त्यामुळे ती कित्येक महिने टिकते. मायक्रोब्रुअरीतील बीअर बहुधा पाश्चरीकरणाशिवायच दिली जाते. तिच्यात यीस्ट जिवंत असते, ती थंडच ठेवावी लागते आणि थोड्या आठवड्यांत संपवावी लागते. चवीच्या दृष्टीने हेच तिचे बलस्थान आणि व्यापाराच्या दृष्टीने हीच तिची दुबळी बाजू. दुधाच्या धंद्यात जे गणित आहे तेच येथेही लागू पडते. माल नासका असल्यावर वेळ हाच सर्वात मोठा खर्च ठरतो. मंजुरीला आठ दिवस उशीर झाला तर बाटलीबंद बीअरचे काही बिघडत नाही. टाकीतील ताज्या बीअरचे मात्र आयुष्य तेवढ्याने घटते.

उत्पादन शुल्काचे नियम तयार झाले ते गाळलेल्या, मोजलेल्या आणि सीलबंद मालासाठी. प्रत्येक बाटलीवर लेबल असावे, प्रत्येक खोक्याची नोंद असावी आणि करचुकवेगिरीला वाव राहू नये, हा त्यांमागील हेतू गैर नाही. परंतु ज्या पेयाला बाटलीच नाही, जे टाकीतून थेट पेल्यात येते आणि ज्याची चव दर महिन्याला बदलते, ते या चौकटीत नीट बसत नाही. वेगळी चव हाच ज्याच्या धंद्याचा आधार, त्याला प्रत्येक नव्या चवीसाठी पुन्हा कागदपत्रांचा प्रवास करावा लागला तर त्याचा हात आखडतो.

देवळालीचे नाव, पुण्याची सुरुवात

भारतात बीअर नवीन नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील जॉर्ज हॉजसन यांच्या कारखान्यातील बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कोलकाता आणि मुंबईच्या बंदरांत उतरत असे. पुढे याच व्यापारातून 'इंडिया पेल एल' हा प्रकार नावारूपाला आला. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर यांनी कसौली येथे कारखाना काढला. त्या परंपरेतूनच पुढे मोहन मीकिन ही कंपनी उभी राहिली. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड ब्रुअरीजने विसाव्या शतकात बाजार व्यापला. २०२१ मध्ये या कंपनीचे नियंत्रण हायनेकेन या डच कंपनीकडे गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताने किमती ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि इतरांना मिळून ८७३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बीअरचा बाजार किती थोड्या हातांत एकवटला आहे, याची त्यातून कल्पना येते.

आधुनिक क्राफ्ट बीअरच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली 'डूलाली' ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. तिच्या नावाचा संबंध नाशिकजवळच्या देवळालीशी आहे. ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे सैनिक देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकून पडत. कंटाळ्याने आणि उन्हाने भ्रमिष्टासारखे वागणाऱ्या सैनिकाला इंग्रजी बोलीत 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात तेथूनच पडला. त्याच सुमारास हरियाणातील गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, येथेही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या. बंगळुरूत २०१० नंतर 'टॉइट' आणि 'बिअर क्लब' यांनी पाय रोवले. २०१२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मूळ संस्थेशी नाते सांगणारी 'आर्बर ब्रुइंग कंपनी' तेथे आली. आज या व्यवसायाचे सर्वात मोठे केंद्र म्हणून बंगळुरूच ओळखले जाते.

या दोन राज्यांनी स्वीकारलेले मार्ग मात्र भिन्न आहेत. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीला आपली बीअर 'केग' नावाच्या पोलादी पिंपांतून इतर परवानाधारक उपाहारगृहांना पुरवता येते. त्यामुळे 'गेटवे ब्रुइंग' किंवा पुण्यातील 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' यांसारख्या उत्पादकांना स्वतःचे मोठे उपाहारगृह नसतानाही मुंबई-पुण्यातील अनेक ठिकाणी आपली बीअर पोहोचवता आली. कर्नाटकात बीअर जेथे तयार होते तेथेच ती प्यायली जावी, असा नियम राहिला. परिणामी तेथील मायक्रोब्रुअरी म्हणजे शेकडो आसनांची भव्य उपाहारगृहे बनली. जागेचे भाडे, स्वयंपाकघर आणि बीअरचे यंत्र या तिन्हींसाठी एकदम भांडवल उभे करू शकणारेच तेथे टिकले. चांगली बीअर करणारा परंतु हॉटेल चालवू न इच्छिणारा कारागीर एका राज्यात उद्योजक होऊ शकतो आणि दुसऱ्या राज्यात तो नोकरदारच राहतो. हा फरक त्याच्या कौशल्याने पडलेला नाही. तो नियमातील एका कलमाने पडला आहे.

कोविडच्या काळात या नियमांची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा बाटलीबंद माल गोदामात पडून राहू शकला. मायक्रोब्रुअरींच्या टाक्यांतील ताजी बीअर मात्र पाहता पाहता वाया जाऊ लागली. त्यानंतर काही राज्यांनी ग्राहकांना ती भांड्यातून घरी नेण्याची सवलत दिली. जे वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते काही आठवड्यांत शक्य झाले, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

वाइनला मिळालेले आणि बीअरला न मिळालेले

महाराष्ट्रात एका मद्याला शासनाने उघड प्रोत्साहन दिले, ते म्हणजे वाइन. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर करून राज्यातील द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. नाशिक परिसरात त्यानंतर वाइनरींची रांग लागली. २००५ मध्ये 'सुला'ने पर्यटकांसाठी चव घेण्याचे दालन उघडले. वाइनरी पाहण्यासाठी सहली निघू लागल्या, द्राक्षमळ्यांच्या शेजारी निवासाच्या सोयी झाल्या, आणि आज वाइन पर्यटन ही नाशिकची एक ओळख बनली आहे.

बीअरच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याचे कारण चवीत नसून शेतीत आहे. वाइनच्या मागे नाशिक आणि सांगलीचा द्राक्ष बागाईतदार उभा होता. बीअरच्या मागे महाराष्ट्रातील कोणताही शेतकरी उभा नव्हता. सातूचे पीक प्रामुख्याने राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या भागांत येते. क्राफ्ट बीअरसाठी लागणाऱ्या माल्टचा मोठा हिस्सा परदेशातून आणला जातो. हॉप्सला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि थंड हवा लागते. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्यांची लागवड झाली, परंतु देशाची गरज भागेल एवढी ती वाढली नाही. शेतकऱ्याचे नाव घेतले की धोरणाला राजकीय बळ मिळते, आणि ते नाव बीअरला घेता आलेले नाही.

अर्थात शेतकऱ्याचे नावही दर वेळी पुरे पडत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास विरोध केला आणि तो निर्णय पुढे सरकला नाही. मद्याविषयीची सामाजिक संवेदनशीलता कोणत्याही सरकारला दुर्लक्षिता येत नाही, हेच त्यातून दिसले.

असे असले तरी स्थानिक शेतीशी नाते जोडण्याचा प्रयत्न बीअर करणाऱ्यांनीच सुरू केला आहे. कोकम, आंबा, बासमती तांदूळ, नाचणी, बाजरी यांचा वापर करून निरनिराळ्या ठिकाणी बीअर केली गेली. यात नवल वाटण्याचे कारण नाही. झारखंडमधील संथाळ व मुंडा समाजाची हंडिया, अरुणाचल आणि आसाममधील अपोंग ही धान्यापासूनची पेये कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहेत. आसाममधील दिमासा समाजाच्या जुदिमा या तांदळाच्या पेयाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भरडधान्यांना बाजार मिळवून देण्याविषयी शासन सातत्याने बोलत असते आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरेही झाले. मात्र स्थानिक धान्याचे प्रमाण पाहून बीअरवरील शुल्क ठरवण्याचा विचार धोरणाच्या चर्चेत क्वचितच येतो.

ब्रुअरी पाहण्याच्या बाबतीतही हाच फरक जाणवतो. मोठे बीअर कारखाने शुल्क विभागाच्या बंदोबस्तात चालतात. तेथे सामान्य पाहुण्याला सहज प्रवेश नसतो. मायक्रोब्रुअरीत तांब्याच्या किंवा पोलादी टाक्या काचेपलीकडे दिसतात आणि काही ठिकाणी बीअर करणारा स्वतः येऊन प्रक्रिया समजावून देतो. आपण जे पितो ते कशाचे बनले आहे, त्यात अल्कोहोलचे प्रमाण किती आहे, हे ग्राहकाला कळण्याची ही एक जागा आहे. मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध असलेल्या देशात अशी भेट म्हणजे छुपी जाहिरात, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु माहितीशिवायचे सेवन हे माहितीपूर्ण सेवनापेक्षा अधिक सुरक्षित असते, असेही कोणी म्हणू शकणार नाही.

कराचे ओझे

गेल्या काही वर्षांत राज्यांच्या तिजोरीवरील ताण वाढला तसे मद्यावरील करही वाढले. कर्नाटकाने २०२३ पासून बीअरवरील अतिरिक्त उत्पादन शुल्क एकाहून अधिक वेळा वाढवले. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ करण्यात आली. बीअर आणि वाइन या वाढीतून वगळण्यात आली, ही दखल घेण्यासारखी गोष्ट होय. तरीही परवाना शुल्क, मूल्यवर्धित कर आणि उत्पादन शुल्क या तिहेरी भाराविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील हजारो बार आणि परमिट रूम बंद ठेवण्यात आले. मायक्रोब्रुअरी चालवणाऱ्यालाही हे कर चुकलेले नाहीत, कारण त्याची बीअर अखेरीस उपाहारगृहातच विकली जाते.

बीअर उद्योगाचा जुना आक्षेप असा आहे की, पेयातील अल्कोहोलच्या प्रमाणाशी कराचे नाते अनेक राज्यांत सुसंगत नाही. ग्राहक मोजलेल्या पैशात जास्तीत जास्त नशा शोधतो. त्यामुळे सौम्य बीअर महाग पडली की तो तीव्र बीअरकडे किंवा थेट स्पिरिटकडे वळतो. देशात विकल्या जाणाऱ्या बीअरमध्ये तीव्र बीअरचाच वाटा फार मोठा आहे, ही वस्तुस्थिती या युक्तिवादाला बळ देते. उद्योगाचा यात स्वार्थ आहे, हे उघडच आहे. परंतु एखादा युक्तिवाद स्वार्थी आहे म्हणून तो चुकीचाच असतो असे नाही.

यात पाण्याचा प्रश्नही आहे. एक लिटर बीअरसाठी धुलाई आणि थंडाव्यासह कित्येक लिटर पाणी खर्च होते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूला तीव्र पाणीटंचाईने ग्रासले, तेव्हा गाड्या धुणे, बागकाम अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास ५ हजार रुपये दंडाचा आदेश निघाला. जेथे घरगुती नळ कोरडे पडतात तेथे बीअरच्या टाक्या भरलेल्या कशा, हा प्रश्न लोकांनी विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

आरोग्य आणि सुरक्षितता

या व्यवसायाची बाजू मांडताना आरोग्याचा मुद्दा बाजूला सारता येत नाही. अल्कोहोलच्या सेवनाचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले होते. लहान कारखान्यातील, निगुतीने केलेली बीअरही त्याला अपवाद नाही. 'क्राफ्ट' हा शब्द चवीची हमी देतो, आरोग्याची नव्हे.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या मुलाला त्या रात्री मद्य दिले गेल्याचे समोर आल्यावर संबंधित ठिकाणे सील करण्यात आली आणि शहरभर पबची तपासणी सुरू झाली. त्याआधी २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल्सच्या आवारातील आगीत १४ जणांचे प्राण गेले, तेव्हा गच्चीवरील उपाहारगृहांतील बेकायदा बांधकामे आणि अडवलेले मार्ग चर्चेत आले होते. या दोन्ही प्रसंगांत नियम अस्तित्वात होते. उणीव होती ती अंमलबजावणीची. दुर्घटनेनंतर सरसकट कारवाई होते, काही आठवडे सर्वांचीच दारे बंद राहतात आणि नंतर पुन्हा पूर्वीची शिथिलता येते. यात नियम पाळणारा आणि न पाळणारा दोघेही एकाच तराजूत तोलले जातात. लेबलावरील अक्षरे तपासण्यात यंत्रणेचा जितका वेळ जातो तितकाच वयाचा दाखला तपासण्यात गेला, तर समाजाचा अधिक लाभ होईल.

काम करणारे हात

धोरणाच्या चर्चेत महसूल आणि नैतिकता यांचा उल्लेख वारंवार होतो. या धंद्यात काम करणाऱ्यांचा क्वचितच होतो. मायक्रोब्रुअरीतील बीअर करणाऱ्याचे काम बाहेरून आकर्षक भासते. प्रत्यक्षात त्याच्या दिवसाचा मोठा भाग टाक्या, नळ्या आणि पिंपे धुण्यात जातो, कारण किंचित अस्वच्छताही शेकडो लिटर बीअर आंबवून टाकते. माल्टची पोती वाहणे, उकळत्या अर्काजवळ उभे राहणे, दाहक रसायनांनी सफाई करणे हे त्याचे रोजचे काम आहे. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंदिस्त जागेत साचला तर जिवावर बेतू शकते.

या कौशल्याचे शिक्षण देशात अजून मर्यादितच आहे. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेत वाइन, ब्रूइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. अनेक जण जर्मनी किंवा इंग्लंडमधील संस्थांतून शिकून येतात आणि उरलेले प्रत्यक्ष कामातून शिकतात.

स्त्रियांना तर या क्षेत्रात पाऊल टाकण्यासाठीच कायद्याशी झगडावे लागले. मद्य दिल्या जाणाऱ्या ठिकाणी स्त्रियांना नोकरीस मज्जाव करणारे पंजाब अबकारी कायद्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात रद्द ठरवले. स्त्रीला सुरक्षितता द्यायची म्हणून तिचे काम काढून घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. पश्चिम बंगालला मात्र १९०९ च्या कायद्यातील तसाच निर्बंध दूर करण्यास २०२५ साल उजाडले. कायदा एका राज्यात बदलला म्हणजे शेजारच्या राज्यात बदलतोच असे नाही, याचे हे आणखी एक उदाहरण.

नियमातील अनिश्चिततेची झळ प्रथम बसते ती याच वर्गाला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. १ एप्रिल २०१७ पासून तिची अंमलबजावणी होताच मुंबई, पुणे, गुरुग्राम येथील अनेक उपाहारगृहांचे मद्यविभाग रातोरात बंद पडले. पुढे त्याच वर्षी शहरी हद्दीपुरती शिथिलता मिळाली. दरम्यानच्या महिन्यांत परवानाधारकाचे उत्पन्न बुडाले आणि वेटर, स्वयंपाकी, सफाई कामगार यांची रोजीरोटी गेली. महामार्गावरील मृत्यू रोखण्याचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. मात्र पूर्वसूचना आणि पर्यायी व्यवस्था यांच्या अभावी त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या मृत्यूंशी संबंध नव्हता.

पुढील वाट

मद्याचा विषय राज्यांकडून काढून घ्यावा, अशी मागणी व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. स्थानिक समाजाची मूल्ये, आदिवासी भागातील परिस्थिती, सीमावर्ती तस्करी यांचा विचार राज्यच करू शकते. परंतु अधिकार राज्यांकडे ठेवूनही काही गोष्टींवर एकमत होण्यास घटनेचा अडथळा नाही. कंपनीची मालकी आणि उत्पादन तेच असताना केवळ नाव बदलले तर जुनी लेबल नोंदणी ठरावीक मुदतीपर्यंत ग्राह्य धरावी, हे परस्पर संमतीने ठरवता येईल. ताज्या, पाश्चरीकरण न केलेल्या बीअरसाठी स्वतंत्र वर्गवारी, नव्या चवीला ठरावीक दिवसांत मंजुरी, केगमधून पुरवठ्याची मुभा आणि अल्कोहोलच्या प्रमाणानुसार कर या सुधारणांमुळे महसुलास मोठा धोका पोहोचेल असे दिसत नाही. त्याचबरोबर वयाची तपासणी, अग्निसुरक्षा, पाण्याचा पुनर्वापर आणि कामगारांचे विमा संरक्षण यांत कसूर करणाऱ्याचा परवाना तत्काळ रद्द करण्याची तयारीही हवी.

अमेरिकेसारख्या देशातही क्राफ्ट बीअरची घोडदौड आता मंदावली आहे. २०२४ मध्ये तेथे नव्याने सुरू झालेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. भारतात दरडोई बीअरचा खप वर्षाला सुमारे दोन लिटर इतकाच आहे. तो वाढावा की नाही, याविषयी समाजात मतभेद आहेत आणि ते राहणारच. मात्र ज्या धंद्याला शासनाने परवाना दिला आहे, ज्याच्याकडून ते कर घेते आणि ज्यावर हजारो कुटुंबे अवलंबून आहेत, त्याचे नियम आधी कळणारे, सर्वांना सारखे आणि कारणांशी जुळणारे असावेत, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. दारूबंदी हवी असेल तर ती उघडपणे जाहीर करावी, आणि व्यवसाय हवा असेल तर त्याला व्यवसायासारखे वागवावे. या दोहोंच्या मध्ये फायलींवर टांगून ठेवलेला धंदा आरोग्याचे रक्षण करत नाही, आणि त्यातून मिळणाऱ्या रोजगारालाही स्थैर्य देत नाही.